गाण्याच्या कॉर्ड्स लिहिताय? आधी सा शोधा

दर आठवड्याला कुणीतरी मला गाण्याच्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) उतरवलेली वही दाखवतं. कॉर्ड्स बऱ्याचदा बरोबर असतात, त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ कॅपोचा, म्हणजे गिटारच्या तारा दाबून पट्टी चढवणाऱ्या चिमट्याचा. बीटल्सचं ‘हिअर कम्स द सन’ (1969) घ्या. कॅपो सातव्या फ्रेटवर. बोटं डी, जी, ए सेव्हनची पडतात आणि ऐकू येतं ए, डी, ई सेव्हन. म्हणजे गाणं पांढरी सहाचं, सा एवर. एका गॅदरिंगला कीबोर्डवाल्या मुलाने गिटारवाल्याची बोटं बघून कॉर्ड्स उतरवल्या होत्या. दोघांनी तालीम आपापल्या घरी केली. स्टेजवर गिटार एमध्ये, कीबोर्ड डीमध्ये! गाणारी मुलगी दोन शब्द गाऊन थांबली. तिला वाटलं, आपणच बेसूर झालो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी पानावर आधी कॅपोचा नंबर लिहितो आणि बोटांच्या प्रत्येक शेपखाली ऐकू येणारी कॉर्ड.

दुसरा हट्ट तक्त्याचा, म्हणजे कुठल्या स्केलमध्ये कुठल्या कॉर्ड्स येतात त्या यादीचा. ‘हे ज्यूड’ (1968) एफमध्ये आहे. शेवटच्या ‘ना ना ना’ला एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, परत एफ अशी फेरी चालू राहते. या तिन्ही कॉर्ड्स बी फ्लॅट मेजरच्या तक्त्यात सापडतात, की मुलं लिहून मोकळी होतात: ‘इथे स्केल बदललं.’ नाही बदललं. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर पांढरी चार लावा आणि तो शेवट गाऊन बघा. सा जागचा हलत नाही, प्रत्येक फेरी एफवरच येऊन टेकते. ई फ्लॅट म्हणजे कोमल नीवर उभी केलेली मेजर कॉर्ड. रॉकमध्ये ती पावलोपावली भेटते. मी वाद्याला हात लावायच्या आधी गाणं गुणगुणतो आणि ते कुठे विसावतं ते बघतो.

सी मेजर आणि ए मायनरचे सातही सूर तेच असतात, त्यामुळे नुसती सुरांची यादी करून स्केल ठरत नाही.

बेसकडे तर कुणाचं लक्षच नसतं. सी, जी, ए मायनर लिहिलेल्या ठिकाणी बेस सी, बी, ए असा उतरत असेल, तर मधली कॉर्ड ‘जी ओव्हर बी’ लिहा, म्हणजे बेसला बी असलेली जी. हेडफोन लावून पहिल्यांदा फक्त बेस ऐका.

अ‍ॅपने काढून दिलेल्या कॉर्ड्स कच्चा खर्डा म्हणून ठीक. पण गाणं धड न ऐकता दोन मिनिटांत रोमन आकडे (कॉर्डचा स्केलमधला क्रमांक) टाकायची घाई मला अजिबात पटत नाही. ते मी सगळ्यात शेवटी लिहितो, तेही पेन्सिलने.