कोथिंबीर-पुदिन्याचं ड्रेसिंग काळपट पडत होतं, त्यावर उपाय

सॅलडचं हिरवं ड्रेसिंग काळपट होतं ते लिंबाच्या आम्लामुळे आणि पानांतल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे). वाटीभर पानं उकळत्या पाण्यात 10-15 सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, रंग टिकला. मग ती फडक्यात घट्ट पिळायची. हे अजिबात टाळू नका, नाहीतर सगळं पचपचीत होतं.

पानं, मीठ, लसणाची अर्धी पाकळी, अर्धा चमचा मस्टर्ड सॉस आणि चमचाभर गार पाणी वाटून 6 चमचे तेल अगदी बारीक धारेने घालायचं. तेल एकदम ओतलं की ड्रेसिंग फाटतं, म्हणजे तेल वेगळं होतं. सॉसमधली मोहरी तेल-पाणी एकत्र धरून ठेवते. मिक्सर थांबवत फिरवा, तापला की पुदिना कडवटतो.

2 चमचे लिंबाचा रस वाढतानाच. उरलेलं फ्रिजमध्ये 2 दिवस. कच्चा लसूण तेलात असल्याने बाहेर मुळीच ठेवू नये.