वाटाण्याचा कोंब, एकशेवीस फ्रेम आणि सदाशिव पेठेतली ट्यूबलाइट

लघुपटासाठी कॅमेरा घेण्याआधी मी अकरा महिने फोनवर कॅमेऱ्यांची व्हिडिओ परीक्षणे पाहत होते. हिंजवडीतल्या कचेरीतून नारायण पेठेतल्या खोलीवर परतायला बसने दीड तास लागे आणि तेवढ्या वेळात तीन-चार परीक्षणे सहज पाहून होत. कोणाचा सेन्सर किती मोठा, कोण आठ बिटमध्ये चित्रण करतो आणि कोण दहा बिटमध्ये, कोणाचा ऑटोफोकस डोळ्यावरून ढळत नाही, हे मला पाढ्यांसारखे पाठ झाले होते. त्या अकरा महिन्यांत मी एकही दृश्य चित्रित केले नव्हते. फोन सतत हातात होता, तरीही नाही. हे आधीच सांगते, कारण मला भेटणारी बहुतेक नवखी मुले-मुली याच टप्प्यावर असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न "कुठला कॅमेरा घेऊ?" हाच असतो.

दुसरा प्रश्न थोडा संकोचत येतो: ही परीक्षणे इतकी देखणी असतात, मग ती स्वतःच कला नव्हेत का? प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटपासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका टपरीवर माझ्या संकलक मित्राने याचे उत्तर एका शब्दात दिले होते: "जाहिरात." मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पुरते पटत नाही. पहाटेच्या अंधारात डोंगर चढून जाऊन सूर्याची वाट पाहायची, एका निर्जीव डब्याविषयी बारा मिनिटे बोलून माणसाला खिळवून ठेवायचे, योग्य क्षणी गप्प बसून चित्राला बोलू द्यायचे, याला कसब लागते आणि ते कसब अनेक लघुपटवाल्यांकडे नसते. माझ्याकडेही नव्हते.

या बाबतीत मला दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ साली ते लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले, तेव्हा चित्रपटासाठी पैसे गुंतवायला कोणी सहजासहजी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा त्यावर रोखून ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली आणि कित्येक दिवसांची वाढ थोडक्या वेळात पडद्यावर दाखवली. आजच्या भाषेत ती कॅमेऱ्याची चाचणी होती आणि भांडवल देणाऱ्यांसाठी केलेली असल्यामुळे म्हटले तर जाहिरातही होती. तरी ती पाहणाऱ्याच्या मनात कॅमेरा राहिला नसणार, कोंब राहिला असणार. मी परीक्षणांना हीच कसोटी लावते. पाहून झाल्यावर आठवड्याने मला काय आठवते? एका परीक्षणातला, जाळे झटकताना दमून क्षणभर थांबलेला कोळी मला अजून आठवतो, आणि कॅमेरा कोणता होता ते आठवत नाही. ते परीक्षण माझ्या लेखी कला आहे. बाकीची बहुतेक चांगल्या कारागिरीची कामे आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

मात्र इथेच सावध राहायला हवे. कला म्हणून परीक्षण जितके सरस, तितका खरेदीचा सल्ला म्हणून त्याचा भरवसा कमी. करणारा लबाड असतो असे मला म्हणायचे नाही. तो स्वतःची फिल्म करत असतो आणि कोणत्याही चांगल्या छायाचित्रणकाराप्रमाणे आपल्या चित्राला शोभेल असाच उजेड निवडतो. सकाळचे कोवळे ऊन, खिडकीतून येणारा मऊ प्रकाश, फार तर उत्तम प्रतीचे एलईडी पॅनेल. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माजघरात, काळ्या पडलेल्या टोकांच्या चाळीस वॅटच्या ट्यूबलाइटखाली त्याला कोणी उभे केलेले नसते. मला उभे राहावे लागले.

माझ्या पहिल्या लघुपटात एक वृद्ध बाई परातीत तांदूळ निवडतात, एवढाच मध्यवर्ती प्रसंग होता. हौशी रंगभूमीवर उभा जन्म घालवलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या काकू त्या भूमिकेसाठी तयार झाल्या होत्या. बोटांची हालचाल मला संथगतीत हवी होती आणि एका परदेशी परीक्षणात मी ऐकले होते की, कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये पाल या आपल्याकडच्या पद्धतीऐवजी एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत निवडली की सेकंदाला २४ आणि १२० फ्रेम खुल्या होतात, संथगती लोण्यासारखी येते. मी तसे केले. सेकंदाला १२० फ्रेम, शटर १/२४०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या दोनशेचाळिसाव्या भागापुरता उजेड. सात टेक घेतले. पाचव्या टेकनंतर काकू म्हणाल्या, "अगं, या तांदळात आता खडे उरले नाहीत. पुढच्या वेळी आधी थोडे घालून ठेव." आम्ही खरोखरच अंगणातून बारीक खडे वेचून आणले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र किंचित थरथरल्यासारखे वाटले होते, पण ती थरथर मी पडद्याच्या माथी मारली.

रात्री खोलीवर फुटेज लावले. काकूंची बोटे अप्रतिम संथ हलत होती आणि साऱ्या चित्रावरून काळपट आडवे पट्टे सरकत होते. उजेड सेकंदाला चार वेळा कमी-जास्त होत होता, जणू माजघराला धाप लागली आहे.

हे का झाले ते मी सविस्तर सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा, कारण हे मला आधी कोणी सांगितले असते तर तो प्रसंग वाचला असता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. एका आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो, म्हणून जुन्या लोखंडी चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि शंभर वेळा मंदावते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये त्या उजेडाचा एक पूर्ण ठोका मावतो आणि १/५० असेल तर दोन पूर्ण ठोके मावतात. ठोके पूर्ण असले की फ्रेम कोणत्याही क्षणी सुरू होवो, तिला मिळणारा एकूण उजेड सारखाच राहतो. शटर १/२४० ठेवले की फ्रेमच्या वाट्याला अर्ध्याहून कमी ठोका येतो, कधी शिखराचा तर कधी उतरणीचा. शंभर ठोके आणि एकशेवीस फ्रेम यांचा मेळ दर सहा फ्रेमनंतर पुन्हा बसतो. तेच चित्र २४ च्या वेगाने चालवले की सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद, म्हणून ती सेकंदाला चार वेळा लागणारी धाप. शिवाय सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचत असल्यामुळे वरच्या ओळींना मिळालेला उजेड खालच्या ओळींना मिळत नाही आणि पट्टे पडतात.

आता खरी मेख पाहा. १२० फ्रेमवर शटर जास्तीत जास्त १/१२० इतकेच उघडे राहू शकते. त्यात पूर्ण ठोका मावतच नाही. म्हणजे अशा दिव्याखाली १२० फ्रेमवर कोणत्याही शटरने ही चूक दुरुस्त होत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिकडे दिवा सेकंदाला एकशेवीस वेळा उजळतो आणि १/१२० चे शटर त्यावर चपखल बसते. सल्ला देणारा चुकला नव्हता. त्याच्या घरातली वीज वेगळी होती.

म्हणून पुण्यात ट्यूबलाइटखाली चित्रण करायचे तर कॅमेरा पालवर ठेवा, २५ फ्रेम आणि शटर १/५० धरा, संथगतीसाठी ५० किंवा १०० फ्रेम घ्या आणि शटर १/१०० ठेवा. चित्रपटासारखे २४ च हवे असा हट्ट असेल तर तेही करता येते, फक्त शटर १/४८ न ठेवता १/५० करा. ज्या कॅमेऱ्यात शटर अंशांत मोजतात तिथे हाच आकडा १७२.८ अंश असा येतो. उन्हात यातले काहीही पाळण्याची गरज नाही. स्वस्त एलईडी दिव्यांचे मात्र काही सांगता येत नाही. काही शांत असतात, काही ट्यूबलाइटपेक्षा वाईट.

ते फुटेज सॉफ्टवेअरने सुधारण्यात माझे नऊ दिवस गेले. पट्टे फिकट झाले, पण बोटांना बोटांच्या सावल्या चिकटल्या. पुन्हा चित्रण करावे म्हणून काकूंना फोन केला तोवर वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करून दिलेला होता.

पैशांच्या बाबतीतही मी तितकीच आंधळी होते. साठवलेल्या एक लाख ऐंशी हजारांपैकी कॅमेरा आणि एक लेन्स यांतच एक लाख एकोणसत्तर हजार गेले. उरलेल्या अकरा हजारांत ट्रायपॉड, कार्ड, बॅटरी आणि एक कॉलर माइक बसवला. परीक्षणांत ध्वनीविषयी शेवटचे अर्धे मिनिट असते आणि माझ्या खर्चातही त्याला तेवढीच जागा मिळाली. परिणाम असा की लघुपटात काकूंच्या एकुलत्या एका वाक्यावर शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. प्रेक्षक दाणेदार चित्र खपवून घेतो. ऐकू न येणारे वाक्य तो खपवून घेत नाही. आज कोणी विचारले तर मी सांगते की, जवळच्या रकमेचा अर्धा भागसुद्धा बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यावर, घालवू नका. जुना आठ बिटचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या, चांगला माइक घ्या, उजेड वळवायला थर्माकोलचे दोन तक्ते आणि तो मऊ करायला बटर पेपर घ्या. आठ बिटमध्ये रंगाच्या प्रत्येक वाहिनीला २५६ छटा मिळतात आणि दहा बिटमध्ये १०२४, हे खरे आहे आणि लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग चढवता यावेत म्हणून फिक्या रूपात, चित्रित केलेले आकाश आठ बिटमध्ये फाटते, हेही खरे आहे. मग लॉग वापरू नका. उजेड आणि रंग जागेवरच नीट करा, म्हणजे छटा पुरतात. कार्डाच्या बाबतीत मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत मात्र करू नका. १०० मेगाबिटचे चित्रण म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला सुमारे ४५ जीबी. त्याला सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारे व्ही३० कार्ड पुरून उरते, भारी व्ही९० कार्डासाठी खिसा रिकामा करण्याचे कारण नाही.

आणि विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. एकदा नाही, तीनदा. आधार कार्डाची प्रत आणि अनामत ठेवून पुण्यात कॅमेरा दिवसाच्या भाड्याने सहज मिळतो. तीन वेगवेगळ्या शनिवारी तीन कॅमेरे आणून एकाच खोलीत, एकाच माणसावर, एकाच ट्यूबलाइटखाली चालवून पाहा. ही तुमची स्वतःची परीक्षणे. ती देखणी होणार नाहीत आणि तुम्हाला तशीच हवी आहेत.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडवट आहे, ते तसेच मांडते. मला कॅमेरा सुचवणारे एक अनुभवी गृहस्थ नेहमी म्हणत की बॉडी मोठी दिसली की गिऱ्हाईक मोठे मिळते. त्यांनी दुकानही सुचवले. त्या दुकानात त्यांचे टक्के ठरलेले आहेत हे मला वर्षभराने कळले. तेव्हापासून, जो माणूस तुम्ही काय चित्रित केले आहे हे पाहण्याआधीच काय विकत घ्यावे ते सांगतो, त्याच्याकडून मी चहासुद्धा घेत नाही. चित्रणावर चढवायच्या रंगांचे तयार संच विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. परक्या उन्हासाठी जुळवलेले रंग आपल्या मे महिन्यातल्या दुपारी चेहऱ्यावर चढवले की माणसाला कावीळ झाल्यासारखी दिसते.

हे सगळे वाचून धास्ती घेऊ नका. माझा तो महागडा कॅमेरा वाया गेला नाही, आजही त्यावरच काम करते आणि त्याचे हप्ते नव्हते म्हणून रात्री झोप लागत होती. कर्ज काढले असते तर मी हे काम सोडून दिले असते, हे नक्की. चुकीचा कॅमेरा घेतल्याने कोणाचे आयुष्य बिघडत नाही, बहुतेक कॅमेरे आता आपल्या गरजेपेक्षा चांगले आहेत. परीक्षणे पाहणेही सोडू नका, मी सोडलेले नाही. फक्त आवाज बंद करून पाहा: उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, कोणते दृश्य किती वेळ टिकते. शिकण्यासारखे जे असते ते तिथे असते आणि त्यासाठी खर्च करावा लागत नाही.

लघुपटासाठी मी अखेर तांदळाचा साध्या वेगातला एक टेक वापरला, जो सरावासाठी म्हणून दुपारी अंगणातल्या उजेडात घेतला होता. तो साडेचार सेकंदांचा आहे. काकूंनी तो पाहिला आणि इतकेच विचारले की, खडे घातलेला कुठे गेला.

आता नवीन जागी चित्रण असले की मी आदल्या दिवशी जाऊन तिथल्या दिव्यांवर कॅमेरा रोखते, शटर १/१००० करते आणि पट्टे दिसतात का ते पाहते. जास्त पट्टे दिसले की तपकीर गल्लीत जाऊन दुसरे दिवे आणते. तिथले एक दुकानदार दिवा तपासायच्या बोर्डावर लावून देतात आणि मी फोन धरून बघत उभी राहते. सुरुवातीला त्यांना वाटायचे की मी त्यांच्या मालावर संशय घेते. परवा मी फोन काढायच्या आधीच त्यांनी चार दिवे एका ओळीत पेटवून ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, तिसऱ्याला पट्टे येतात, बाकीचे बघून घ्या."