लाँगइयरब्येनला येताय? आधी घराचं विचारा

लाँगइयरब्येन म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं आमचं गाव. गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. इथल्या हॉटेलात काम मिळालंय. पगार हातात किती पडेल, थंडी किती असते, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "घराचं काय ठरलंय?" म्हणाला, "येऊन बघू की."

बाबांनो, येऊन बघू नका. इथली बहुतेक घरं नोकरीबरोबर मिळतात आणि नोकरीबरोबरच जातात. 1920 च्या स्वालबार्ड करारात भारतही आहे, त्यामुळे इथे राहायला व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून आहे, म्हणून येता-जाताना दोनदा प्रवेश देणारा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा घ्या. आणि स्वतःचा खर्च भागवता आला नाही, तर इथला गव्हर्नर परत पाठवू शकतो. बेकारभत्ता वगैरे विसरा.

घर मिळालं की पुढचा प्रश्न विचारा: ते कोणत्या डोंगराखाली आहे?

19 डिसेंबर 2015, शनिवार. रात्रभर वादळ झालं होतं. सकाळ म्हणायची, पण त्या दिवसांत इथे चोवीस तास काळोख असतो. सुकरटोपेन डोंगरावरून बर्फ खाली आला आणि 11 घरं उखडून घेऊन गेला. दोघे गेले, त्यातलं एक लहान मूल. ज्याच्या हाती जे फावडं लागलं ते घेऊन गाव धावलं. मीही उकरत होतो. दीड वर्षापूर्वीचं माळीण डोळ्यांपुढून हलत नव्हतं. 2017 च्या फेब्रुवारीत त्याच डोंगरावरून पुन्हा बर्फ आला. तेव्हा जीव वाचले.

आता डोंगरावर बर्फ अडवणारी कुंपणं आहेत, पायथ्याची शंभराहून जास्त घरं रिकामी करून गाव बाजूला सरकवलंय. तरी वादळात घरं सोडायचा हुकूम आला, तर "थोडं थांबून बघू" असं करू नका. पासपोर्ट, औषधं, गरम कपडे एका पिशवीत भरलेले असू द्या.

जमिनीचंही ऐका. आपण कातळावर पाया घालणारी माणसं. इथे पाया गोठलेल्या मातीत असतो. घरं लाकडी खांबांवर उभी केलेली, म्हणजे खालून वारा खेळतो आणि घराची ऊब जमिनीत उतरत नाही. ती मोकळी जागा अडगळीने भरू नका. उन्हाळ्यात वरचा थर आता पूर्वीपेक्षा खोलवर वितळतो. खांब कुजतात, खचतात. माझ्या स्वयंपाकघराचं दार ऑगस्टमध्ये घासायला लागलं, तेव्हा मला वाटलं लाकूड फुगलं असेल. चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीवर बोटभर चीर गेलेली दिसली, तेव्हा कळलं. नव्या इमारती खडकापर्यंत नेलेल्या पोलादी खांबांवर बांधतात. दार घासलं की मालकाला लेखी कळवा, तोंडी नको.

जानेवारीत पाऊस पडला तर दचकू नका, आता पडतो. रस्ता काचेसारखा होतो. बुटांना बांधायचे खिळे पहिल्याच दिवशी घ्या. रेनडिअरना मात्र त्या काचेखालचं गवत मिळत नाही, ते बघवत नाही. जुनी माणसं सांगतात की पूर्वी फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली समुद्राची खाडी, गोठायचा, बर्फावरच्या स्कूटरने पार जायचे. आता कुठे गोठला तरी तुम्ही त्या बर्फावर पाऊल टाकू नका. वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावायचं साधन आणि त्याची माहिती असल्याशिवाय जायचंच नाही.

कोळशाचं वीजघर 2023 ला बंद झालं, आता वीज डिझेलवर बनते. इथली शेवटची नॉर्वेजियन कोळसा खाणही 2025 ला बंद झाली. म्हणजे काम आहे ते पर्यटनात आणि संशोधनात. एक गोष्ट मला लागते: 2022 च्या नियमानुसार, नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षं काढल्याशिवाय परदेशी माणसाला इथल्या निवडणुकीत मत नाही. गावाने कुठे सरकायचं हे ठरवताना आपला हात वर होत नाही. म्हणून गावच्या बैठकांना जा, बोला.

काळोखाचं एवढंच सांगतो: व्हिटॅमिन डी घ्या, रोज ठरल्या वेळी उठा, एकटे जेवू नका. 8 मार्चच्या सुमारास सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांशी जमतं. पोरं तोंडं पिवळी रंगवून सूर्याला हाका मारतात. पहिलं ऊन पायरीवर पडतं तेव्हा मी अजूनही हातमोजे काढतो.

मेतकूट, गोडा मसाला भरपूर आणा. आणि आल्याबरोबर एक चांगलं फावडं घ्या. ते कोठीत ठेवू नका, दाराच्या आत, बुटांशेजारी ठेवा.