बबलवर बाहेर पडलात? मग तो एक डाव असा तपासा

ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये दोन-तीन तास नीट खेळून, बक्षीस एका जागेवर आलेलं असताना, म्हणजे बबलवर, कुणी बाहेर पडला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘नशीब रे.’ ‘एक्का-गुलाम होता, कुणीही कॉल केला असता’ (कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं आपणही लावणं). ‘सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघ.’ पहिल्या दोन सल्ल्यांतून शिकण्यासारखं काही मिळत नाही. तिसरा चुकीच्या वेळी दिलेला आहे. सॉफ्टवेअर आपण भरू त्याचाच हिशेब करतं, आणि काय भरायचं हे आधी ठरवलं नसेल तर आपल्याला हवं तेच उत्तर त्यातून निघतं.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. इथे राहून असा खेळ सांगणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, जिथे ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे, तिथे राहणाऱ्यांना आणि बिनपैशाच्या टूर्नामेंट खेळणाऱ्यांना पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं. पणजीला कॅसिनोत बसून खेळणाऱ्यांनाही पडतं, फक्त तिथे डाव कुणी आपल्यासाठी साठवून ठेवत नाही, ब्रेकमध्ये स्वतः लिहून ठेवावा लागतो.

पहिलं काम त्याच रात्रीचं. नवीन टूर्नामेंटला बसू नका. कागद घ्या आणि कॉलचं बटण दाबताना डोक्यात काय होतं ते दोन ओळींत लिहा. ‘हा सारखा ऑल-इन करतोय’ (म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतोय). ‘असा हात परत कधी येणार.’ ‘कंटाळा आला, एकदाचा निकाल लागू दे.’ जे होतं ते लिहा, सजवू नका. सकाळपर्यंत मन त्या विचाराला शहाणपणाचे कपडे घालून ठेवतं, आणि मग खरं कारण सापडत नाही.

दुसरं, हँड हिस्टरी, म्हणजे साइटने साठवलेली डावांची नोंद, उतरवून घ्या. शेवटचा डाव नाही, सगळी टूर्नामेंट.

तिसरं, हिशेब. उदाहरण एका टेबलाच्या टूर्नामेंटचं घेतो, कारण ते कागदावर करता येतं. बक्षीस पहिल्या तिघांना: ५०, ३० आणि २० टक्के. चौघे उरलेत, प्रत्येकाकडे ५,००० चिप्स, ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांना लावाव्याच लागणाऱ्या चिप्स, २००-४००. दोघांनी फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले. स्मॉल ब्लाइंडने (२०० लावलेल्याने) सगळे ५,००० पुढे सरकवले. तुम्ही बिग ब्लाइंडवर (४०० आधीच लावलेले), हातात बदामचा एक्का आणि किलवरचा गुलाम.

चिप्सच्या हिशेबाने आणखी ४,६०० घालायचे आणि पॉट, म्हणजे मधला ढीग, १०,००० चा. म्हणजे शंभरातून ४६ वेळा जिंकलात तरी कॉल परवडतो. बहुतेक जण इथेच थांबतात. पण टूर्नामेंटमध्ये चिप्स वटवून घरी जाता येत नाही, हातात येतं ते बक्षीस. फोल्ड केलंत तर उरलेल्या ४,६०० चिप्सची किंमत एकूण बक्षिसाच्या सुमारे २३.७ टक्के होते. कॉल करून जिंकलात तर १०,००० चिप्स, किंमत ३८.३ टक्के. चिप्स दुपटीहून जास्त झाल्या, पैसे मात्र दीडपटीच्या थोडे वर गेले. हरलात तर शून्य. २३.७ ला ३८.३ ने भागा: साधारण ६२ टक्के. कॉल करायला ४६ नाही, ६२ टक्के जिंकण्याची खात्री लागते.

चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायच्या या पद्धतीला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. तिच्यामागचं गणित डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडलं, आणि मेसन मॅलमथ यांनी १९८७ मध्ये ते पोकरला लावलं. फुकट कॅल्क्युलेटर भरपूर मिळतात, चारही स्टॅक (प्रत्येकाकडच्या चिप्स) आणि बक्षिसं भरा, आकडा मिळतो.

आता खरं अवघड काम. एक्का-गुलाम ६२ ची रेषा ओलांडतो का, हे समोरचा कुठल्या कुठल्या हातांवर ऑल-इन जातो यावर ठरतं. म्हणजे त्याची रेंज मांडावी लागते. मी सगळ्यात जास्त इथेच अडखळलो, आणि मला दिसतं की बाकीचेही इथेच अडखळतात. कारण निकाल आधीच डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्याने एक्का-राजा दाखवला की आपण रेंज आवळतो: ‘हा घट्ट खेळणारा, मला कळायला हवं होतं.’ त्याने आठ-पाच दाखवून शेवटच्या पत्त्यावर मारलं की रेंज फुगवतो: ‘हा काहीही लावतो, माझं बरोबरच होतं.’ दोन्ही वेळा त्याच्या एका हातावरून सगळी रेंज ठरवली जाते, आणि तपासणी तिथेच मेली.

म्हणून त्याचे पत्ते बाजूला ठेवा आणि आधीचे डाव उघडा. फक्त त्याच्याकडे बघा. सगळे फोल्ड होऊन डाव त्याच्यावर आला असे प्रसंग शोधा, विशेषतः त्याचा स्टॅक बारा-पंधरा बिग ब्लाइंडांवर आल्यानंतरचे. त्यातल्या किती वेळा त्याने सगळं लावलं आणि किती वेळा सोडून दिलं? पत्ते उघडले असतील तर ते लिहा. प्रसंग चार-पाचच सापडले तर ‘तो सारखा ऑल-इन करतोय’ हे तुमचं त्या रात्रीचं वाक्य किती पोकळ होतं तेही समजेल. लक्षात राहिलेले दोन डाव म्हणजे ‘सारखा’ नव्हे.

मग कॅल्क्युलेटर उघडण्याआधी तीन रेंज लिहून काढा: घट्ट, मधली, सैल. लिहिल्यावर त्यांना हात लावायचा नाही. घट्ट म्हणजे सत्तीची किंवा त्यावरची जोडी, एक्क्यासोबत दश्शी किंवा त्यावरचं पान, आणि राजा-राणी: एक्का-गुलाम साधारण ४३ टक्के जिंकतो, चिप्सच्या हिशेबानेही कॉल चूक. मधली म्हणजे सगळ्या जोड्या, सगळे एक्के, राजा-राणी, आणि गुलामासोबत राजा किंवा राणी: ५६ च्या आसपास. सैल म्हणजे कुठलेही दोन पत्ते: जवळपास ६४.

आता तिन्हींचे आकडे शेजारी ठेवा. तो खरंच डोळे झाकून लावत असेल तर कॉलने तुम्ही एकूण बक्षिसाच्या जेमतेम पाऊण टक्का कमावता. तो मधल्या रेंजवर असेल तर सव्वादोन टक्के घालवता. घट्ट असेल तर सातच्या वर. त्याला ओळखण्यात चूक झाली तर नुकसान फायद्याच्या कितीतरी पट, आणि तुमच्याकडे पुरावा चार-पाच डावांचा. हा डाव फोल्ड आहे. त्याने उघडलेले पत्ते आठ-पाच होते तरी फोल्डच.

मित्राला विचारायचं असेल तर डाव तुमच्या निर्णयापर्यंतच पाठवा. तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला, काही सांगू नका. किस्सा ऐकवलात तर सांत्वन मिळेल, उत्तर मिळणार नाही. आणि हीच तपासणी तुम्ही कॉल करून जिंकलेल्या डावांचीही करा. तिथे चुका जास्त लपतात, कारण जिंकलेला डाव कुणी उघडून बघत नाही.

आयसीएमला तुमचं कौशल्य किंवा पुढच्या डावात ब्लाइंड कुणाचा हे दिसत नाही. टेबलवर तुम्ही इतरांहून सरस असाल तर रेषा थोडी वर धरा, एवढं पुरे.

शेवटी तोच डाव एक गोष्ट बदलून परत करा: फोल्ड केलेल्यांपैकी एकाला ९,६०० चिप्स द्या आणि दुसऱ्याकडे ४०० च ठेवा. तो छोटा एका ब्लाइंडात संपणार आहे, तुम्ही नुसते थांबलात तरी बक्षिसात जाण्याची शक्यता खूप मोठी. रेषा ६२ वरून ७२ वर जाते. आता समोरचा कुठलेही दोन पत्ते लावत असला तरी एक्का-गुलाम फोल्ड, आणि एक्का-राजासुद्धा फोल्ड.