जबल शम्सची बाल्कनी वाट: या चुका टाळा

ओमानमधला सर्वात उंच डोंगर म्हणजे जबल शम्स, उंची सुमारे ३,००० मीटर. त्याच्या कुशीत वादी नखरची (वादी म्हणजे बहुतेक वेळ कोरडं असणारं नदीपात्र) दरी आहे, जवळपास हजार मीटर खोल. या दरीच्या कड्याला बिलगून अल खतीम गावापासून अस साब नावाच्या ओसाड वस्तीपर्यंत जी पाऊलवाट जाते, तीच बाल्कनी वॉक. नकाशावर तिची खूण डब्ल्यू ६. एका बाजूचं अंतर साधारण चार किलोमीटर, जाऊन-येऊन तीन ते चार तास. थंडी पडली की मस्कतची बरीच मराठी मंडळीही शुक्रवार-शनिवार गाठून तिकडे जातात.

ही वाट अवघड नाही. कुठेही दोर लागत नाही, हातांनी चढावं लागत नाही, बहुतेक ठिकाणी दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी रुंदी आहे. नेमक्या याच कारणाने लोक इथे बागेत फिरायला आल्यासारखे वागतात. पण दरीच्या बाजूला कठडा नाही, आणि तोल गेला तर सावरायला झाडझुडूप नाही. इथल्या चुका कौशल्य कमी पडल्याने होत नाहीत, लक्ष सुटल्याने होतात.

चालता चालता दरी बघणं

सर्वात मोठी चूक हीच. नजर दरीत आणि पाय वाटेवर, हे जमत नाही. पायाखाली चुनखडीचा दगड आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तो काही ठिकाणी गुळगुळीत झाला आहे आणि कोरडा असूनही सटकतो. त्यावर बारीक खडी पसरलेली असते, ती छर्ऱ्यांसारखी बुटाखालून घरंगळते. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना ओल्या कातळाची धास्ती असते, त्यामुळे कोरडा दगड दिसला की ते निर्धास्त होतात. इथे तसं होऊ नका. बघायचं असेल तर आधी थांबा, दोन्ही पाय नीट टेका, मग मान वर करा. फोटोसाठी मागे सरकायचं नाही. फोटो काढणाऱ्यानेही नाही, उभं राहणाऱ्यानेही नाही. कडेच्या सुट्या दगडावर बसून पाय खाली सोडण्याचा मोह तर पूर्ण टाळा, तो दगड खालून किती पोखरलेला आहे ते वरून कळत नाही.

समोरून कुणी आलं तर तुम्ही डोंगराच्या भिंतीच्या बाजूला थांबा. शेळ्या आल्या तरी हेच करा, त्या दरीकडून आरामात निघून जातात. थांबताना पाठीवरच्या सॅककडे लक्ष असू द्या. घाईत वळलात की सॅक कड्यावर आपटते आणि तुम्हाला उलट दरीकडे ढकलते. वर कड्यावर शेळ्या चरत असतील तर खाली विसावा घेऊ नका, त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. आणि मुलांना गंमत म्हणूनही दरीत दगड टाकू देऊ नका. खाली वादीत माणसं असू शकतात.

एक बाटली पाणी पुरेल असं समजणं

गडावर टाकं असतं, पायथ्याच्या गावात ताक मिळतं, या सवयीने आलेला माणूस इथे फसतो. वाटेत पाणी नाही. अस साबच्या वरच्या अंगाला झऱ्याचं छोटं कुंड आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नये. कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो, शर्ट ओला होत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं याचा अंदाजच येत नाही. माणशी तीन लिटर घ्या, लहान मुलांचं वेगळं. सोबत मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणि खारवलेले शेंगदाणे असू द्या. नुसतं पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ कमी पडतं.

आणखी एक. जाताना वाट एकंदर उताराची आहे, म्हणजे चढ परतीला लागतो, तोही ऊन तापल्यावर. निम्मं पाणी संपायच्या आधी मागे फिरा, वस्ती दिसत असली तरी. डोकं दुखू लागलं, मळमळलं, थकलेलं माणूस चिडचिड करू लागलं, तर सावली शोधा, मानेवर-डोक्यावर पाणी ओता, घोट घोट पाजा. बडबड असंबद्ध होत असेल तर तो उष्माघात समजा. अंग गार करणं सुरूच ठेवा आणि ९९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. दरीत रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून कुणाला तरी वेळ सांगूनच निघा.

वाटेत कुणी घाबरलं तर

काहींना मध्येच दरी अंगावर आल्यासारखी वाटते, पाय थरथरतात. अशा वेळी ‘काही होत नाही रे, चल’ म्हणून हात ओढू नका. ओढाओढीत दोघांचाही तोल जातो. त्या माणसाला भिंतीला पाठ टेकवून बसवा. नजर समोरच्या दगडावर, श्वास सावकाश. बरं वाटलं की एकजण पुढे, एकजण मागे, आणि घाबरलेल्याचा एक हात भिंतीला. पुढे जायचं की परतायचं, हे त्यालाच ठरवू द्या.

खुणा आणि अंधार

दगडांवर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्या रंगवल्या आहेत. बराच वेळ पट्टी दिसली नाही तर खाली उतरून शोधाशोध करू नका, शेवटच्या पट्टीपर्यंत मागे या. शेळ्यांच्या वाटाही माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात आणि कड्याच्या टोकाशी संपतात. वस्तीजवळून वर व्हाया फेराटा, म्हणजे कड्यात ठोकलेल्या लोखंडी तारेला धरून चढायची वाट, जाते, ती हार्नेस-हेल्मेट आणि जाणकार माणसाशिवाय चढू नका.

अस साबला कड्याच्या कपारीखाली दगड-मातीची घरं आणि खाली पायऱ्यांची शेतं आहेत. तिथे वेळ कसा जातो कळत नाही, आणि जायलाच हवा, जागाच तशी आहे. फक्त भिंतींवर चढू नका, त्या ढासळतात. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो आणि लगेच थंडी वाढते, तेव्हा हेडटॉर्च आणि एक जाकीट सॅकमध्ये हवंच. आकाश भरून आलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका. अशा उघड्या डोंगरात पाणी मुरत नाही, दगडगोट्यांसह सरळ खाली येतं.

गाडी अल खतीमला लावताना काचा बंद करा, तिथल्या शेळ्या खाण्यासाठी आत डोकं घालतात. परतीच्या घाटउताराला खालचा गिअर टाका, नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवू नका.