युथ ग्रुपची घरदुरुस्तीची मिशन ट्रिप: या चुका टाळा

आमच्या चर्चची तरुण पोरं आठवडाभर गरजूंची घरं फुकट दुरुस्त करून द्यायला जातात, तीच ही मिशन ट्रिप. पहिल्याच ट्रिपला बुधवारी दुपारी मी एका आजींच्या बाथरूममध्ये टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो, समोर कमोड उचलून बाजूला ठेवलेलं, खालचा प्लायवूड हातात चुरा होऊन येतोय, आणि त्याखालची तुळईपण काळी पडलेली. काम काय ठरलं होतं, तर "बाथरूमचं फ्लोरिंग बदलणे, अर्धा दिवस". कमोडखालची सील कित्येक वर्षं झिरपत होती, ते कुणी बघितलंच नव्हतं. मग पुढचे तीन दिवस आजी शेजारच्यांकडे बाथरूमला जायच्या, सत्तरी ओलांडलेली बाई, हातात काठी. आम्ही सेवा करायला गेलो होतो बरं का.

तेव्हापासून बऱ्याच ट्रिप झाल्या, आणि जवळपास सगळ्या गडबडींचं मूळ एकच निघतं: आपण ट्रिप पोरांच्या अनुभवासाठी प्लॅन करतो, आणि घर हे त्या अनुभवाचं सामान होऊन बसतं. उलटं करा. आधी घर, मग घरातली माणसं, मग काम, आणि त्या कामाला किती पोरं लागतील ते सगळ्यात शेवटी.

घर न बघता काम ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फोनवर कुणीतरी सांगतं "छत गळतंय, जरा रंग द्यायचाय" आणि आपण तेवढ्यावर यादी करून मोकळे. निघायच्या दीड-दोन महिने आधी कामाची जाण असलेला एक माणूस तिथे प्रत्यक्ष जाऊन आलाच पाहिजे. सोबत टेप, टॉर्च, मोबाईल आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर. लाकूड जिथे जिथे पाण्याजवळ आहे तिथे, म्हणजे कमोडभोवती, सिंकखाली, खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरच्या पायऱ्यांच्या बुडाशी, स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही, सडलेलं लोण्यासारखं घेतं. दहा मिनिटांचं काम आहे, आमचा अख्खा आठवडा वाचला असता.

गळतीचं पण तसंच. सीलिंगवर डाग दिसतो त्याच्या बरोब्बर वर भोक असेल असं नाही, पाणी वरच्या बाजूला कुठेतरी आत शिरतं, लाकडावरून उतरत उतरत येतं आणि भलतीकडे टपकतं. त्यामुळे डागाच्या वरचा भाग दुरुस्त करून टाळ्या वाजवल्या की पुढच्या पावसात फोन येतो.

आणि घरमालकांना विचारा ना, रोज काय त्रास होतो? आपल्याला भिंत घाण दिसते, त्यांना मात्र रात्री उंबऱ्याला पाय अडखळायची भीती असते. अमेरिकेत अ‍ॅपलेचिया सर्व्हिस प्रोजेक्ट ही संस्था १९६९ पासून चर्चच्या तरुणांना घेऊन हेच काम करते, आणि घर जास्त उबदार, जास्त सुरक्षित, जास्त कोरडं करायचं हे त्यांचं ध्येय आहे. मला ही कसोटी फार आवडते, कारण यात "सुंदर" हा शब्द नाहीये.

पाच दिवस म्हणजे पाच दिवस नसतात

पहिला दिवस सामान उतरवणं, हत्यारांची ओळख आणि कोण कुठल्या ग्रुपमध्ये यावरची रुसवाफुगवी यात अर्धा जातो. शेवटचा अर्धा आवराआवरीत. राहिले चार, त्यात सकाळचं डिव्होशन म्हणजे प्रार्थना-वाचन, जेवण, ऊन, एखादा पाऊस. दिवसाला सहा तास खरं काम झालं तर खूप झालं, आणि नवशिक्या पोरांना कारागिराच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो हे गृहीतच धरा.

त्यात वाळायचा वेळ कुणी मोजत नाही. फटी बुजवायच्या बहुतेक सिलिकॉन सीलंटला पाणी लागण्याआधी साधारण २४ तास द्यावे लागतात. टाइल्सच्या चिकटपदार्थालाही बहुतेक वेळा टाइल्समधल्या फटींत ग्राउट भरण्याआधी एक दिवस. काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस धरतात, म्हणजे गुरुवारी ओतलेल्या पायावर शुक्रवारी जड खांब उभा करायचा विचार डोक्यातून काढा. ज्या कामाला वाळायला वेळ लागतो ते सोमवारीच सुरू झालं पाहिजे, मग बाकीचं.

रॅम्पचं गणित तर प्रत्येक ग्रुप चुकवतो. व्हीलचेअरसाठी उतार १ ला १२ धरतात, म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी. दाराशी २४ इंच उंची असेल तर रॅम्प २४ फुटांचा, आणि वर-खाली व्हीलचेअर थांबायला, वळायला सपाट जागा वेगळी. आमच्या एका टीमने आठ फुटांच्या फळ्या आणल्या होत्या! दिसायला मस्त होता तो, पण व्हीलचेअरवरच्या काकांना त्यावरून खाली सोडणं म्हणजे घसरगुंडीच. शेवटी अंगणात वळण घेऊन नवा रॅम्प करावा लागला आणि लाकूड दुसऱ्यांदा आणावं लागलं.

रंगाची हौस

पोरांना रंग द्यायला आवडतो, फोटो छान येतात, म्हणून रंग यादीत पहिला येतो. पण ओल आलेल्या भिंतीवर दिलेला रंग काही महिन्यांत पोपडे धरतो, आणि गळती न काढता रंग देणं म्हणजे रोग झाकणं. आधी पाणी कुठून येतंय ते थांबवा, भिंत वाळू द्या, मग पुट्टी, प्रायमर आणि रंग.

दुसरं म्हणजे जुन्या घरात घासायला सुरुवात करण्याआधी थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, काही देशांत त्याच्याही नंतर, त्यामुळे जुना थर सुका घासून धूळ उडवायची नाही, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. जुने सिमेंटचे पत्रे, पाइपवरचं जुनं आवरण, जुन्या फरश्यांच्या टाइल्स यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. शंका आली की हात लावू नका, तपासून घ्या. हे पोरांचं काम नाही.

"त्याला येतं, करू दे"

सोळा वर्षांचा एखादा पोरगा हात वर करतो, मी घरी सॉ, म्हणजे विजेची करवत, चालवतो म्हणून, आणि आपण गडबडीत हो म्हणतो. अमेरिकेत १८ वर्षांखालच्या पगारी कामगारांना सर्क्युलर सॉ आणि छतावरची कामं कायद्याने बंद आहेत, मग फुकट सेवा करणाऱ्या आपल्या पोरांना वेगळा नियम कशाला? कोणतं हत्यार कुणी वापरायचं याची यादी निघायच्या आधी पालकांच्या मीटिंगमध्येच वाचून दाखवा, साइटवर वाद घालायला वेळ नसतो. वायरिंग, गॅस, मुख्य आधाराची भिंत ही कामं लायसन्सवाल्या माणसाचीच, आणि परवानगी लागते का ते आधी तिथल्या ऑफिसात विचारा.

शिडी भिंतीला टेकवताना चार फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट लांब, आणि छतावर चढायचं असेल तर शिडीचं टोक कडेच्या वर तीन फूट. एक जण खाली धरून उभा, आणि त्याच्या हातात मोबाईल नको, हे मला दर वर्षी ओरडून सांगावं लागतं.

पाच-सहा पोरांमागे कामाची खरी जाण असलेला एक मोठा माणूस हवा. भाविक आणि प्रेमळ असणं वेगळं, ओळंबा लावता येणं वेगळं. शिवाय कुठल्याही पोरासोबत बंद खोलीत एकटा मोठा माणूस नको, घरमालकसुद्धा नको, कायम दोघं. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते फॉर्मवर लिहून घ्या, दहा वर्षं झाली असतील तर निघायच्या आधीच घ्यायला सांगा. अ‍ॅलर्जी, औषधं, इन्शुरन्सचे कागद हे एका फाइलमध्ये, आणि ती फाइल गाडीत नाही तर साइटवर.

फोटो

यावर मी जरा चिडतो. तुटक्या बाथरूमचा फोटो, बाजूला हसणारी पोरं, खाली "आशीर्वादित" लिहिलेलं. ते कुणाचं तरी घर आहे ना? विचारल्याशिवाय घरातला फोटो नाही, पोस्ट तर नाहीच, आणि "बिचारे" हा शब्द साइटवर बंद. एका घरातले काका आमच्या पोरांपेक्षा चांगले सुतार निघाले, फक्त गुडघे गेले होते, त्यांना खुर्ची दिली, ते सांगत गेले आणि पोरं कापत गेली. आख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात सरळ फळी त्या दिवशी बसली.

अडलंच तर

पाऊस आला तर काय, याचं उत्तर सोमवारच्या आधी तयार हवं, म्हणजे प्रत्येक घरात एक तरी आतलं काम राखून ठेवा. सामान कमी पडलं तर दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, एकच माणूस आणायला जाईल, नाहीतर अर्धी टीम गाडीतच दिसते. चार पोरं काम करतायत आणि तीन भिंतीला टेकून उभी, असं दिसलं तर पोरं आळशी नाहीत, तुम्ही त्या खोलीला माणसं जास्त दिलीत.

काम उघडल्यावर आत भलतंच निघालं तर तिथेच थांबा, बाकीचं तोडत सुटू नका. बुधवार दुपारनंतर नवीन काहीही उघडायचं नाही हा आमचा नियम आहे, तो कुठून आला हे वर सांगितलंच. गुरुवारी संध्याकाळी राहिलेल्या कामांची यादी घरमालकांसोबत बसून करा, आणि कुठलं काम कोण कधी येऊन पुरं करणार हे नावासकट लिहून त्यांच्याकडे द्या.

त्या आजींकडे आमचे दोघं मोठे शनिवार-रविवार थांबले. नवी तुळई, नवा प्लाय, नवी सील. कमोड बसवल्यावर बुडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून दहा वेळा फ्लश केलं, आणि आजी दारात काठी टेकवून बघत होत्या, म्हणाल्या, "अकरावा मी करते."