एका बाटलीत सोळा ग्लास पंच

रम पंचचं प्रमाण बार्बाडोसकडची मंडळी एका ओळीत सांगतात: एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. मीही तेच धरते, फक्त गोडाला थोडी कात्री लावते. फळांच्या रसात साखर असतेच की.

750 मिलीची एक बाटली गोल्डन किंवा डार्क रम, 250 मिली ताज्या लिंबांचा रस, 400 मिली साखरेचा पाक, 700 मिली संत्र्याचा आणि अननसाचा रस, शेवटी 300 मिली थंडगार सोडा. यात 150 मिलीचे सोळा ग्लास होतात. फार महागडी रम घेऊ नका, तिची नजाकत इथे कुणाला कळणार नाही. लिंबाचा रस मात्र बाटलीतला चालवून घेऊ नका. पंच फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

पाकावर मी जास्त वेळ घालवते. दोन संत्री कोमट पाण्याने घासून धुवायची आणि साल सोलाण्याने पातळ काढायची. आतला पांढरा भाग आला तर कडवटपणा आलाच. ही साल 250 ग्रॅम साखरेत बोटांनी चुरडून दोनेक तास झाकून ठेवा. सालीतलं तेल सुटतं, साखर ओलसर, पिवळट होते आणि झाकण काढलं की वासानेच काम झाल्याचं कळतं. मग 250 मिली गरम पाणी ओता, साखर विरघळली की गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या.

बर्फाचे छोटे खडे पंचमध्ये टाकू नका, बघता बघता विरघळून सगळं पाणचट करतात. आदल्या रात्री स्टीलच्या डब्यात पाणी आणि संत्र्याच्या चकत्या घालून एकच मोठा गोळा गोठवा. तेवढ्याच बर्फाचा एकच गोळा असला की पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो. डबा बाहेरून पाण्यात बुडवला की गोळा सुटतो.

सोडा वगळून सगळं एकत्र करून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. चव थंड झाल्यावरच बघा, थंडपणात गोडी दबते. फळं म्हणाल तर अननसाचे तुकडे, डाळिंबाचे दाणे आणि सफरचंदाच्या फोडी. केळं आणि पपई नको, लगदा होतो. पाहुणे आले की मोठ्या भांड्यात बर्फाचा गोळा, त्यावर पंच, मग सोडा, आणि वरून जायफळ किसायचं. तयार पूड वापरण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट यजमानाने लक्षात ठेवायलाच हवी. हा पंच सरबतासारखा उतरतो, पण एका ग्लासात जवळजवळ दीड छोटा पेग रम असते. फळंही रम पितात, त्यामुळे मुलांच्या हाती ती जाऊ देऊ नका. न पिणाऱ्यांसाठी दुसऱ्या भांड्यात रमऐवजी गार केलेला कोरा, कडक चहा घाला. तुरटपणामुळे तेही नुसतं ज्यूस वाटत नाही. डाव मात्र दोन्हीकडे वेगळे ठेवा, आणि गाडी कोण चालवणार ते आधीच विचारून घ्या.

उरलाच तर फळं गाळून काढा आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ताजा सोडा घालून संपवून टाका.